गंधार कुठं आहे ते आधी सांगा

विष्णुपुरीत गिटारींना तोटा नाही. विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज आणि मेडिकल कॉलेज अशी तीन मोठी आवारं इथं आसपास आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीकडची पोरं येतात, दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत खोलीतलं कुणीतरी एक गिटार घेतं, आणि चौथ्या सेमिस्टरला ती कपाटावर उताणी पडलेली असते, वर वाळत घातलेला टॉवेल. मधल्या काळात त्या पोराला चार कॉर्ड्स आलेल्या असतात. सी, जी, ए मायनर आणि एफ. एफ नीट वाजत नाही, हेही त्याला कळून चुकलेलं असतं.

अशा पोराला मी एकच प्रश्न विचारतो. सी मेजर धर, म्हणतो. तो धरतो. बोटं बरोबर जागी असतात, तारा खणखणीत वाजतात. मग विचारतो, ‘यात गंधार कुठल्या तारेवर आहे?’

पोरगं माझ्याकडे असं बघतं, जसं काही मी त्याचं आधार कार्ड मागितलंय. ‘गंधार? दादा, ही गिटार आहे.’

माझं भांडण या उत्तराशी आहे. पोराशी नाही, कारण हे उत्तर त्याचं नाहीच. ते त्याला दोन बाजूंनी शिकवलं गेलंय. एका बाजूला मोबाईलमधले गुरुजी, ते सांगतात की गिटार म्हणजे आकार: हे बोट इथं, ते तिथं, हात खाली-वर-खाली, झालं गाणं. दुसऱ्या बाजूला आपले जाणते लोक, ते सांगतात की कॉर्ड ही परकी गोष्ट, आपल्या संगीताशी तिचा संबंध नाही. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे: सारेगम वेगळं आणि गिटार वेगळी. आणि नेमका तोच मुद्दा चुकीचा आहे.

मेजर कॉर्ड म्हणजे काय? एक सा, त्याचा शुद्ध गंधार आणि त्याचा पंचम, तिन्ही एका वेळी. बास. यापलीकडे त्यात गुपित नाही. सी मेजरमध्ये पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर सा, चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर गंधार, तिसरी तार मोकळी, ती पंचम. दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यावर वरचा सा, आणि पहिली तार मोकळी, ती पुन्हा गंधार. सा ग प सा ग. फ्रेटला मी पडदा म्हणतोय, कारण सतारीला आपण तसंच म्हणतो आणि वस्तू तीच आहे. फरक एवढाच की सतारीचा पडदा रागाप्रमाणे सरकवता येतो, गिटारीचा ठोकून बसवलेला असतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता बाकीच्या कॉर्ड्स या नजरेनं बघा. डी मेजर: सा प सा ग. ए मेजर: सा प सा ग प. ई मेजर: सा प सा ग प सा. जी मेजर: सा ग प सा ग सा. पाच वेगळे आकार, पाठ करायला पाच वेगळी चित्रं, पण आत माणसं तीच तीन. चित्रं पाठ करणाऱ्याला वाटतं आपण पाच गोष्टी शिकलो. खरं तर त्याला एकच गोष्ट पाच वेळा दाखवली, आणि ती एकच आहे हे मात्र एकदाही सांगितलं नाही.

पटत नसेल तर ई मेजर धरा आणि छेडा. आता तर्जनी उचला, जी तिसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यावर आहे. बाकी काही हलवू नका. पुन्हा छेडा. ई मायनर झाली. सहा तारांपैकी पाच होत्या तशाच आहेत. फक्त गंधार एक पडदा खाली आला, शुद्धचा कोमल झाला. मेजर आणि मायनर यांच्यातला सगळा फरक त्या एका तारेवर आहे. हे ज्या पोरानं एकदा कानानं ऐकलं, त्याला पुढची मायनर कॉर्ड चार्टमध्ये शोधावी लागत नाही. सापासून चार पडदे मोजले की शुद्ध गंधार, तीन मोजले की कोमल, सात मोजले की पंचम. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळीनं मोजा, तोच आकडा येतो.

पेटीचं नाव मुद्दाम घेतलं. कारण गंधार ऐकून दचकणारं हे पोरगं बहुतेक वेळा पेटीच्या आसपास वाढलेलं असतं. गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह, मंदिरात एकादशीचं भजन, आजोबांच्या नाहीतर चुलत्यांच्या मांडीपुढं पेटी. पेटीवाला काका चाल सुरू व्हायच्या आधी सा आणि पंचम एकत्र दाबून धरतो, भाता हलवतो आणि गाणाऱ्याला सूर देतो. एका वेळी दोन स्वर! त्या काकाला कुणी सांगितलं नाही की हे परकं आहे. त्यानं मधला गंधारही दाबला तर मेजर कॉर्ड पुरी होईल. म्हणजे आपलं पोरगं गिटारीपाशी येताना दोन तृतीयांश कॉर्ड कानात घेऊनच आलेलं असतं. आपण त्याला ते विसरायला लावतो, आणि मग सहा रेघांवर तीन ठिपके काढून देतो.

याला मी आमच्या भागातल्या एका सवयीशी जोडतो, राग येणाऱ्यांनी खुशाल यावा. लातूर पॅटर्ननं इथल्या कितीतरी घरांतला पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर घडवला. त्याची टवाळी मी करणार नाही. पण त्या तयारीतून एक सवय हाडात बसते: प्रश्नाचा आकार ओळखायचा, उत्तराचा आकार ठोकायचा, पुढचा प्रश्न. परीक्षेत ती चालते. तीच सवय घेऊन पोरगं गिटारीकडे येतं आणि मोबाईलमध्ये त्याला तिच्याच जातीचे गुरुजी भेटतात. हेच पोरगं बारावीला ताणलेल्या तारेच्या कंपनांची गणितं सोडवून आलेलं असतं. मूळ कंप्रता, तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सगळं त्याच्या वहीत असतं. आणि अगदी तीच तार मांडीवर असताना त्याला या दोन गोष्टींचा संबंध सुचत नाही. सुचावं असं कुणाला वाटलंही नाही.

संबंध असा आहे. गिटारीची पाचवी तार मोकळी वाजवली की सेकंदाला ११० कंपनं होतात. तो सा धरू. पण तार नुसती ११० नं हलत नाही. तिच्या पोटात २२०, ३३०, ४४०, ५५० अशीही कंपनं चालू असतात, बारीक आवाजात. ३३० हा वरचा पंचम. ५५० हा त्याहून वरचा गंधार. म्हणजे सा वाजला की त्याच्या आत पंचम आणि गंधार आधीपासून वाजतच असतात. मेजर कॉर्ड म्हणजे त्या दोघांना आतून बाहेर बोलावून शेजारी बसवणं. ११०, १३७.५ आणि १६५: चारास पाचास सहा. साची पाचवी पट आणि गंधाराची चौथी पट दोन्ही ५५०. साची तिसरी पट आणि पंचमाची दुसरी पट दोन्ही ३३०. हे स्वर एकमेकांच्या पोटात बसतात म्हणून कॉर्ड एकजीव ऐकू येते.

आणि हे आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तंबोऱ्यापाशी पाच मिनिटं गप्प बसावं. पंचमाची एक तार, षड्जाच्या दोन, खर्जाची एक. गंधाराची तार नाहीच. तरी जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाची तार छेडल्यावर, सूर विरत जाताना, वर कुठंतरी गंधार स्पष्ट उमटतो. गवय्ये त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्यात जे ऐकण्यासाठी कारागीर घोडीची जवारी घासत बसतो, त्यात हा गंधार आहे. सा, प आणि न लावलेला ग. मेजर कॉर्ड परकी आहे म्हणणाऱ्या जाणत्यांच्या पाठीमागे तंबोरा तीच धरून बसलेला असतो, आणि यांचं लक्ष नसतं.

जाणत्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांशीही माझं जमत नाही. गिटारीचा गंधार चढा असतो. ठोकलेल्या पडद्यांवर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले आहेत, म्हणजे कुठल्याही पडद्यावर सा मानून वाजवता यावं. त्या सोयीची किंमत गंधार भरतो. ११० च्या साला तंबोऱ्यातला गंधार १३७.५, गिटारीचा १३८.६. पंचमाचं फारसं बिघडत नाही. याचा पुरावा हॉस्टेलच्या खोलीत मिळतो. गिटार नीट सुरात लावा. सहाव्या जाड तारेवर, चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे, बोट नुसतं टेकवा, दाबू नका. छेडा आणि लगेच बोट उचला. घंटीसारखा एक बारीक सूर निघेल. ती तारेची पाचवी पट, स्वयंभू गंधार, ४१२ कंपनांचा. तो वाजत असतानाच पहिली तार चौथ्या पडद्यावर दाबून वाजवा. तोही गंधार, पण ४१५ चा. दोन्ही एकत्र ऐकू आले की सूर हलायला लागतो, वाँव-वाँव-वाँव, सेकंदाला साधारण तीनदा. फिजिक्सवाले त्याला बीट्स म्हणतात. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर खऱ्या गंधाराची जागा नटपासून १३० मिलिमीटरवर आणि पडदा १३४ वर. भांडण चार मिलिमीटरचं आहे.

या चार मिलिमीटरवरून आपल्याकडे कमी रणं माजलेली नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करवून घेतली. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदीच घातली गेली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीत मींड नाही, पेटीचे स्वर जागचे हलत नाहीत, ही तक्रार खोटी नव्हतीच. पण तोवर पेटी वाड्यातून वस्तीत, नाटकातून भजनात जाऊन बसली होती. रेडिओनं दार लावलं म्हणून एकाही गावातलं भजन थांबलं नाही. लोकांनी चढा गंधार चालवून घेतला आणि गळ्यानं खरा लावला. गिटारीच्या बाबतीत हाच शहाणपणा का चालत नाही? ‘या वाद्याचा गंधार चार मिलिमीटर चढा आहे, गाताना गळ्यानं सांभाळ’ हे पोराला सांगायला अर्धा मिनिट लागतो. त्याऐवजी आपण त्याला सांगतो की हे वाद्यच आपलं नाही.

मग कॉर्ड आपली नाही हा समज आला कुठून? माझ्या मते यात आपल्या सिनेमासंगीताच्या कामाच्या वाटणीचा मोठा हात आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन वाचायला आणि अनेक सुरांची मांडणी करायला शिकवत. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईच्या स्टुडिओत आले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझांचं. अँथनी गोन्साल्विस तर १९५८ मध्ये रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणू बघत होते. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि ‘अमर अकबर अँथनी’तलं ते नाव गुरूला केलेला नमस्कार आहे. काम थोर झालं. पण वाटणी अशी पडली की चाल पेटीवर बसून एक माणूस बांधणार आणि तिच्याखाली कॉर्ड दुसरा माणूस लिहिणार. पडद्यावर नावं आली ती चाल बांधणाऱ्यांची. चाल म्हणजे आपलं, कॉर्ड म्हणजे गोव्याच्या कुणा बँडवाल्याचं, असा हिशेब आपल्या डोक्यात बसला. उलट बाजूनंही तेच घडलं. ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी ठेवून रागसंगीतात आणली, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ती संतूर-बासरीच्या बरोबरीनं बसली. पण तिला प्रवेश मिळाला तो एकेका तारेवरच्या मींडेच्या जोरावर. कॉर्ड चपलांबरोबर बाहेर राहिली.

मोबाईल-गुरुजींचं आणखी एक लाडकं वाक्य आहे: मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी. हे तर मुळीच पटवून घेऊ नका. शिमग्याचा धिंगाणा, होरी, काफीत गातात आणि काफीचा गंधार कोमल आहे. मारव्याचा गंधार शुद्ध, आणि संध्याकाळी मारवा ऐकून कुणी नाचायला उठल्याचं मी तरी पाहिलं नाही. भूपाचाही गंधार शुद्धच, तो शांत. गंधाराला आजूबाजूला कोण भेटतं यावर सगळं अवलंबून असतं. शाळेतल्या स्माईलीच्या तक्त्यासारखी संगीताची वाटणी करून दिली की पोराचा कान तिथंच बंद होतो. त्याला ऐकायची गरज उरत नाही, लेबल वाचलं की झालं.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं की आधी मजा येऊ द्या, समज नंतर येईल. सुरुवातीलाच थिअरी पाजली तर पोरं पळतील. पण पोरं आत्ताही पळतायत! कपाटावरच्या गिटारी काय सांगतात? आणि ‘सा ग प’ ही थिअरी नव्हे. पोरगं ते गाऊ शकतं. आधी गाऊन घ्या, मग तेच तारेवर शोधा, मग तिन्ही एकत्र छेडा. बोटं दुखायची तेवढी दुखतातच, फोड यायचे ते येतात. पण पहिल्या दिवशी कॉर्ड बसली की नाही हे त्याला त्याचा कान सांगतो, व्हिडिओ मागे नेऊन बघावं लागत नाही. चौथ्या तारेवरचं बोट पडद्यापासून लांब पडलं आणि सूर मेला, तर त्याला समजतं की गंधार गेला.

एफचंच घ्या. निम्मी पोरं एफपाशी गिटार सोडतात, कारण तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या असतात. पण एफ हवी कशाला? शुद्ध स्वरांच्या सप्तकात मेजर कॉर्ड्स तीनच बसतात: सा ग प, म ध सा, प नी रे. या तिघींत मिळून सातही स्वर येतात. सा सीवर धरला तर मध्यमाची कॉर्ड एफ येते. सा जीवर धरा, म्हणजे पेटीची पांढरी पाच. मध्यमाची कॉर्ड सी, पंचमाची डी. तिन्ही मोकळ्या, आडवं बोट कुठंच नाही. गाण्याचा सा हलवता येतो हे भजनातलं शेंबडं पोरगंही जाणतं. पण चार्टवर सी, एफ, जी लिहिलंय ना, मग तेच.

आणि चार्टमुळे जे सगळ्यात वाईट होतंय ते हे. चार्टवर जे आहे तेच वाजतं. सिनेमाची गाणी असतात, चार-दोन बँडांची असतात. मोंढ्यामागच्या गल्लीतल्या गोंधळ्याचं पद नसतं. जात्यावरची आजीची ओवी नसते. सप्ताहातली ती एक गवळण, जी फक्त त्याच्याच गावात तशा चालीत म्हणतात, ती नसते. पोरगं शोधतं, सापडत नाही, आणि पुढचा निष्कर्ष फार शांतपणे काढतं: या गाण्यांना कॉर्ड नसते. आजी गेली की ओवी गेली. गिटार मात्र हॉस्टेलमध्ये होती, मोबाईलमध्ये रेकॉर्डर होता, आणि आजीला चाल येत होती.

चार्ट नसला तरी काही अडत नाही. ओळ गा आणि ती कुठं थांबते ते ऐका. सावर थांबली तर साची कॉर्ड. पंचमावर थांबली तर आधी साचीच वाजवून बघा, कारण पंचम तिच्यात आहे; नाही पटलं तर पंचमाची. मध्यमावर विसावली तर मध्यमाची. दर अक्षराला हात बदलायची गरज नाही, ओवीला तर नाहीच. कित्येक ओव्या चार-पाच स्वरांत फिरतात आणि एका कॉर्डवर आख्ख्या निभावतात. कुठं गंधार कोमल लागत असेल तर बोट एक पडदा मागे घ्या. आणि गाणारी बाई एकदा शुद्ध गंधार लावते, पुढच्या ओळीत कोमल, मधेच दोन्हींच्या मधला कुठलातरी, जो तुमच्या गिटारीवर नाहीच, असं झालं तर तिला दुरुस्त करायला जाऊ नका. तुमचा गंधार काढून टाका. ए मेजरमध्ये दुसऱ्या तारेवरचं बोट आहे तो गंधार; ती तार आणि तिच्याखालची पहिली, दोन्ही सोडून द्या. पाचवी, चौथी, तिसरी एवढ्याच छेडा: सा, प, सा. पेटीवाला काका तेच करतो.

एखाद्या एकादशीला गिटार घेऊन त्या काकाशेजारी बसलात तर तो विचारेल, सूर कुठला. डी मेजर म्हणालात तर तो नुसता बघेल. त्याची भजनी मंडळी काळी दोनमध्ये गातात. पेटीशी तारा जुळवून घ्या, पहिल्या पडद्यावर कॅपो लावा, आकार डीचाच धरा. पहिल्या तारेवरचं बोट गंधाराचं.